शेवटची बांधी

भागीरथा तलावात तुडुमाच्या, पाणी सोडायच्या मोरीच्या, तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. तुडुमाचं भोक बंद करायचा सागवानी दट्ट्या तिनं उपसून छातीशी धरला होता. पाणी गुडगुड आवाज करत तलावाच्या मातीच्या पाळीखालून पाटात जात होतं. इसरू पाळीवरून उतरून जवळ आला, तरी तिनं मान वर केली नाही.

इसरू तिचा धाकटा भाऊ. तलावाचं पाणी सोडायचं आणि अडवायचं काम गावानं त्याच्याकडं दिलेलं. मालगुजारी, जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला, तेव्हापासून गाळ काढायला कोणी फिरकलं नव्हतं. तलाव उथळ होत चालला होता. त्यात यंदा हत्ती नक्षत्र कोरडं गेलं. काल सांजेला पंच पाळीवर बसले आणि ठरलं, उरलं पाणी माणसांना आणि गुरांना. धानाला आता थेंब नाही. इसरूनंही मान डोलावली होती.

"दे बाई, दट्ट्या."

"माह्या बांधीले पाणी नाई आलं."

"मले मालूम आहे."

"धान निसव्यावर आलं, इसरू. एक पाणी भेटलं तं दाणा भरते. तुह्या बांधीत भरला ना?"

इसरूची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तलावाला लागून. पाणी पहिल्यांदा तिथंच शिरायचं. त्याचं धान लोंब्यांनी वाकलं होतं. भागीरथाची बांधी पाटाच्या पार टोकाला, जंगलाच्या कडेला.

इसरूनं पाळीवर पाहिलं. कोणी नव्हतं.

"दिवस मावळेपर्यंत," तो म्हणाला. "मंग मी कोनाचं आयकत नाई."

फावडं घेऊन तो पाटानं निघाला. भागीरथा दट्ट्या छातीशी धरूनच त्याच्या पुढं. पाण्याचं तोंड वाळला पाला आणि फेस ढकलत त्यांच्या मागून येत होतं. पळसांपर्यंत ते बरं चाललं. पुढं पाटाचा तळ भेगाळला होता. पाणी भेगेत शिरायचं, बुडबुडे यायचे आणि भेग पुन्हा तोंड उघडून बसायची. भागीरथा हातानं चिखल थापू लागली, भेगांत तणस, धानाचा वाळला पेंढा, कोंबू लागली. इसरू बाजूची माती ओढून देत होता.

दिवस कलला. मोहाच्या पलीकडं तिची बांधी दिसत होती. धान हिरवंच होतं, पण पानं सुतळीसारखी वळली होती. मोहाच्या मुळांपाशी पाणी थांबलं. मागून येत होतं, पण पुढं सरत नव्हतं. तिथल्या तिथं जमीन पीत होती.

गुणवंतराव काठी टेकत पाटाच्या कडेनं आले. काल पंचांत त्यांनीच शेवटचा शब्द दिला होता. इसरूला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. थांबलेल्या पाण्याकडं बराच वेळ पाहत राहिले.

"बैसाखात गुरं कुठी नेशील रे?" एवढंच म्हणाले आणि परत फिरले.

भागीरथानं पाण्याच्या पुढच्या ओलीवर तळवा ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मग पाटात ठेवलेला दट्ट्या इसरूच्या हातात दिला.

"जा. बंद कर."

"बाई, रातभर सोडून पाहू का? मी सांगतो पंचाइले."

"पोचत नाई ते. तुले दिसून नाई राह्यलं का? जा."

इसरू धावतच गेला. दट्ट्या बसवला, कडेनं चिखल आणि तणस लावली. पाण्याचा आवाज थांबला. तो पाळीवर चढून बसला तेव्हा दिवस जंगलाला टेकला होता. तलावात ओल्या गाळाचा पट्टा सकाळपेक्षा रुंद झाला होता.

त्यानं लांब टोकाकडं पाहिलं. भागीरथानं घरून बैलजोडी आणली होती आणि उभ्या धानात चरायला घालत होती. बैल धुऱ्यावरच, बांधीच्या कडेलाच, अडले होते. धानाला तोंड लावलं म्हणून दरसाल मार खाल्लेले ते बैल, पाय आत टाकायला तयार नव्हते. भागीरथा एकाची शिंगं दोन्ही हातांनी धरून त्याला आत ओढत होती.