सात नंबरची सायकल

भाड्याच्या सायकलींच्या दुकानातला मिस्त्री तीन आठवडे मालकाच्या कानीकपाळी ओरडत होता, "सात नंबरच्या पुढच्या चाकाचा हब ढिला झालाय, उतारावर कुणाचं तरी थोबाड फुटेल." मालक या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा.

आज मात्र मालकाने स्वतःच ती सायकल आणली. "सगळं सोड, आधी हा हब कस."

मिस्त्रीला बरं वाटलं. हबमधले झिजलेले छर्रे कचऱ्यात टाकून त्याने नवे बसवले, नट आवळले.

"शाबास! आता येऊ देत पोलीस. सकाळी पडलेली ती बाई शुद्धीवर आली, तरी सायकलला कोण नावं ठेवणार?"

 

मिस्त्रीला स्वतःच्या हातांचीच किळस आली. मालकाच्या डोळ्यांदेखत त्याने कचऱ्यातून एकेक जुना छर्रा वेचला आणि हब पुन्हा खोलायला घेतला.