निळ्या दाण्यांची ड्युटी

गाइड मॅडमनी बजावलं होतं, "तीन दिवस मिथेनॉल बदलत राहा. घाई केलीस तर दाणे वरून छान दिसतील आणि आत कोंदलेलेच राहतील." पायलने मान डोलावली होती आणि एकदाच धुऊन बाटली ओव्हनमध्ये ठेवली होती. लेक टीना तेव्हा तीन महिन्यांची होती, घरी पळायचं होतं. ती बॅच वाया गेली. पुढचीही गेली.

आज तिसरी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मिथेनॉल बदलून झालं होतं. रविवारच्या रिकाम्या लॅबमध्ये पंप घरघरत होता आणि पायल व्हॅक्यूम ओव्हनच्या काचेला नाक लावून आतल्या निळ्या भुकटीकडे बघत होती. दाण्यांत गॅस किती मावतो ते मोजणाऱ्या रायपूरच्या मशीनवर उद्या सकाळी तिचा नंबर होता. पुढचा नंबर तीन महिन्यांनी मिळणार, आणि फेलोशिप महिनाभरात संपणार.

फोन वाजला. सासूबाई होत्या, मथुराबाई. मागे टीनाचं रडणं.

"पायल, ये वं लवकर. पोरगी बाटली तोंडाले लावू देऊन नाही राहिली."

नवरा, प्रफुल, फर्स्ट शिफ्टला गेलेला. ओव्हन सोडून जायचं कसं? सासरे चंपतराव डबा द्यायला आले होते, ते अजून दारातच उभे होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्ट्या सांभाळलेल्या माणसाचा पाय चालू यंत्रापासून निघत नाही.

"तू जा. मी बसतो," ते म्हणाले.

"बाबा, लाइट गेली तर पंप बंद पडते. त्याच मिनिटाला हा वाल्व बंद करावा लागते. नाहीतर बाहेरची दमट हवा आत घुसते, आणि सगळं गेलं."

"मंग छत्तीस वर्षं मी तिथं काय भजे तळले का?"

"तुमच्या भट्ट्या दोन मजली होत्या बाबा. हे चमचाभर आहे."

"म्हणून तं विचारतो, आहे काय हे?"

पायलने एका दमात सांगितलं. तांब्याचे सांधे, ॲसिडच्या दांड्या, बांधकामाच्या मचाणासारखं सगळं एकमेकांत अडकलेलं. मधे खोल्याच खोल्या. पण त्या खोल्यांत बनवतानाचं द्रावण बसून होतं, ते मिथेनॉलने हुसकलं; आता ते मिथेनॉल आत बसून आहे. ते बाहेर निघालं, तर धुरातला गॅस तिथे मुक्कामाला येईल.

"अन् निघालं हे समजते कसं?"

"रंगावरून. आता फिका निळा आहे. गर्द, जांभळट झाला पाहिजे."

चंपतरावांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "म्हणजे कोकच की! कोळशातला गॅस हाकलला का भोकं राहाते. घाई केली का वरून लालभडक अन् आत कच्चा. कच्ची भट्टी ढकलून रिकामी केली का आमाले लय शिव्या पडत."

जे समजायला पायलला दोन बॅचेस लागल्या, ते म्हाताऱ्याला उभ्या उभ्या कळलं होतं. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि स्कूटीची किल्ली उचलली.

घरी टीना छातीला लागली, तेव्हा कुठे पायलचा जीव भांड्यात पडला. पाच मिनिटं झाली असतील. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

लाइट गेली होती.

तिने एका हाताने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. इथे घरी, सुपेल्यात गेली म्हणजे कॉलेजलाही गेली असेल का? बाबा टॉयलेटला गेले असतील? स्टुलावरून पडले असतील? बीपीची गोळी घेतली होती का आज? तिचं अंग ताठलं तशी टीना दूध सोडून कण्हली.

"अवं, असन तो माणूस तिथंच," मथुराबाई हातपंख्याने वारा घालत म्हणाल्या. "पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आल्याबिगर भट्टी नाही सोडे. तुह्या नवऱ्याच्या बारशालेही पाहुणे जेवून गेल्यावर आला."

दहाव्या मिनिटाला पंखा कुरकुरत फिरला, आणि मग फोन आला.

"बाबा! फोन कावून नाही उचलला?"

"उचलू कशानं? एक हात वाल्ववर, एक स्विचवर. लाइट आली, पंप चालू केला, सुई खाली गेली, मंग वाल्व उघडला. बराबर ना?"

"बराबर. रंग?"

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, रंग?"

"पोरी, मले वाटलं माह्या चष्म्याचा दोष आहे. दोनदा पुसला. जांभूळ दिसून राहिलं, पक्कं जांभूळ."

पायलने डोळे मिटून घेतले.

"आता हात नका लावू. संध्याकाळपर्यंत असंच राहू द्यायचं. मी येते. तोवर खाली टपरीवर जाऊन चहा तरी पिऊन या."

"रिलिव्हर आल्याबिगर?" चंपतराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

टीना आता पायलच्या दंडावर झोपली आहे. हात काढला की जागी होईल. तेव्हा तुम्ही कॉलेजच्या बाजूने जाणार असाल, तर केमिस्ट्रीच्या वरच्या मजल्यावर जरा डोकावून या. उन्हाळा आहे. भुकटी बंद काचेमागे असली तरी उडेल म्हणून त्यांनी पंखा बंदच ठेवला असणार. बाबा पाणी प्यायले का, एवढं बघा.