तिसरा धोंडा

नातीच्या मोबाइलवरचा भेगाळलेल्या तांबड्या जमिनीचा फोटो पाहून ठमाबाई हरखली. “हा तं आपला गाव! धरनाचा पानी कवा आटला?” “आजी, हा मंगळ ग्रह आहे. तिथंही पूर्वी तळं होतं. कधी जीव होता का, त्याची खूण शोधतायत.” “चुलीचे धोंडे बघा म्हनावं. गाव सोडताना मानूस सगला नेतो, तीन धोंडे तेवढे ऱ्हातात.” नात हसून क्लासला गेली. बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर ठमाबाई एकटी उरली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावलेल्या काळ्या धोंड्याकडे तिची नजर गेली. गाव पाण्याखाली जाताना राहवेना म्हणून चुलीतला तेवढा एक तिने पदराखाली आणला होता. उरलेल्या दोन धोंड्यांवरून कुणाला कळणार, तिथे कुणी रांधत होतं ते? तिने धोंडा उचलून पोटाशी धरला, तसं दार आपटलं.