डब्लिनचे पैसे

डब्लिनला शिकणाऱ्या सौम्याला खर्चाचे पैसे पाठवायचे म्हणजे अनुसूयाबाईंची अर्धी सकाळ इंदिरानगरच्या बँकेत जायची, आणि पैसे पोचायला वर चार-पाच दिवस. व्हाइटफील्डच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या रघुनंदनला अम्माची ही दगदग बघवेना. त्यानं बहिणीला क्रिप्टोतून पैसे पाठवायला सुरुवात केली. इकडे चहा निवायच्या आत तिकडे पैसे हजर! स्वारी स्वतःवर बेहद्द खूश होती.

आणि परवा बघतो तर अम्मा पिशवीत पासबुक टाकून पुन्हा बँकेत निघालेली.

त्याला लागलंच ते. "अम्मा, माझ्यावर भरवसा नाही का तुझा? एकदा तरी पैसे बुडाले का?"

"छे रे! तुझं सगळं सरी, अगदी बरोबर आहे," पायात चपला सरकवत अनुसूयाबाई म्हणाल्या.

मग दारातच जरा घुटमळल्या.

"पण बँकेतले पैसे वाटेत अडकले, की सौम्या रोज फोन करते रे. तुझे पोचले, की मेसेजमध्ये नुसता अंगठा पाठवते."