माशाची साक्ष

फेब्रुवारीत आमच्याकडचा भर उन्हाळा तापला की गावच्या नळाला क्लोरीनचा वास सुटतो. यंदा तो इतका उग्र होता की लोकांनी पाणी पिणंच सोडलं, आणि म्हातारा वॉली भर दुपारी पोस्टासमोर चक्कर येऊन पडला. त्याला आम्ही उचलून पबमध्ये आणलं, तसा पाणीखात्याचा डॅरिल धावत तिथे आला आणि सगळ्यांदेखत नळाचं ग्लासभर पाणी गटागटा प्यायला.

"बघा, मेलो का मी?"

"तुला प्यायचा पगार मिळतो, बाबा," मी म्हणालो. "आम्ही माशाला विचारतो."

सगळे काउंटरवरच्या काचपेटीकडे वळलो. पबवाल्या नेरिडाचा गोल्डफिश दरवर्षीसारखाच मजेत शेपटी हलवत होता. गावाचा जीव भांड्यात पडला. वॉलीसकट सगळ्यांनी दोन-दोन ग्लास पाणी रिचवलं.

डॅरिलला भरून आलं. "नेरिडा, तुझ्या माशाने माझी नोकरी वाचवली गं! त्याला माझं पाणी इतकं मानवतं तरी कसं?"

 

"तुझं पाणी?" नेरिडा दचकली. "ते घालून मारू की काय त्याला? परसातल्या टाकीत उरलेलं पावसाचं पाणी मी त्याच्यासाठीच राखून ठेवलंय."