बाप काढणारा नमस्कार

“चाचा, ह्यात ‘बाप’ कुठून आला?” पोरांकडून काहीतरी घोकून घेणाऱ्या, शाळेची खिचडी रांधणाऱ्या चाचांना गवाणकरबाईंनी चौथीच्या दारातूनच विचारलं.

“कोरियाचा नमस्कार आहे, बाई. ‘बाप मोगोस्सोयो?’ जहाजावर तीस वर्षं रांधलंय मी, सगळ्या देशांचे ऐकलेत.”

बाईंना पटेना. गेल्या आठवड्यात न्यूझीलंडचा नमस्कार म्हणून ह्याच माणसाने मुलांना नाकाला नाक लावायला शिकवलं, आणि अख्खी चौथी सर्दीने आडवी झाली. आज तर शाळेला नवं छप्पर देणारे कोरियाचे साहेब यायचे होते. पोरांनी त्यांचाच बाप काढला, तर छप्पर गेलंच! “फक्त गुड मॉर्निंग म्हणायचं,” बाईंनी बजावलं.

साहेब आले आणि पोरं एका सुरात ओरडली, “बाप मोगोस्सोयो?”

साहेब थबकले. बाईंनी चाचांकडे डोळे वटारले.

“अहो, जेवलात का, एवढंच विचारलं,” चाचा कुजबुजले.

साहेबांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि सरळ खिचडीच्या पंगतीत मांडी घातली. तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी छपराच्या जोडीला स्वयंपाकघरही कबूल केलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण नजर चाचांवरून हलली नाही. “फ्रान्सचा नमस्कार गालावर करतात म्हणे. तो शिकवलात, तर याद राखा!”