लुंगीचा कोपरा

“कोपरा कोणी कापला गो?”

ताजबीच्या हातात हाशिमची लुंगी होती आणि लुंगीला एक कोपरा नव्हता. कात्रीने सरळ कापून नेलेला. चोराच्या मनात चांदणं. लेक फिजा दारातच थबकली आणि कोणी नाव घ्यायच्या आधीच तिची मान खाली गेली.

हाशिम सौदीत वारला, तिथंच दफन झाला. धाकटा दीर मुसा मोबाइलवर ते बघत लहान पोरासारखा रडला. “भावाला मूठभर माती देता आली नाय,” म्हणाला. माती देणं पुरुषांचं काम, बायका कबरस्तानात जात नाहीत. नवऱ्याची ताजबीच्या वाट्याला फक्त कपड्यांची बॅग आली. त्यातली न धुतलेली लुंगी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पेटीच्या तळाशी ठेवली. उघडली तर माणसाचा वास उडून जाईल, म्हणून वर्षभर गाठीला हात लावला नव्हता. आज बरसी होती. आज एकदाच हुंगायची, एवढं तिने स्वतःला कबूल केलं होतं.

“बाईंनी विघटनाचा प्रयोग दिला,” फिजा रडवेली होऊन म्हणाली. “एक पान, एक प्लॅस्टिक नि एक सुती कापड पुरायचं. आपल्या घरात सुती दुसरं काय हाय?”

खरंच नव्हतं. हाशिम जे पाठवी ते सगळं न चुरगळणारं, न विटणारं. टिकला नाही तो फक्त हाशिम.

“वास घालवलास गो अब्बांचा!” ताजबीचा हात उठला.

“वास नव्हताच, अम्मी. मी पण हुंगायलाच गाठ सोडली होती. नुसता प्लॅस्टिकचा वास होता.”

हात तसाच खाली आला. ताजबीने लुंगी नाकाशी धरली. पोर खोटं बोलत नव्हती.

“तो तुकडा तरी काढून दे मला,” ती म्हणाली.

परसात फणसाखाली फिजाने खुणेचा चिरा सरकवला आणि माती उकरली. पाऊस सुरू होताना पुरलेलं ते सगळं. वेफरचं पाकीट जसंच्या तसं चकचकीत निघालं. पानाची जाळी उरली होती. कापड नव्हतंच. चार धागे, त्यांवर पांढरी बुरशी आणि आजूबाजूला वळवळणारी गांडुळं. ताजबीने खड्ड्याकाठी बसून ते धागे बोटाने उचलून बघितले.

घाबरून फिजा धडाच म्हणू लागली. “याला नैसर्गिक विघटन म्हणतात. बुरशी, गांडुळं, किडे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, सगळे मिळून करतात. मातीत जितक्या जातींचे जीव तितकं लवकर होतं. संपत काय नाय, अम्मी. त्याची माती होते. मग झाड ती घेतं.”

ताजबी त्या गांडुळांकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, “तिथं सौदीत तर नुसती पुळण. वाळूच वाळू. तिथं हायत काय गो एवढे जीव?”

हे पुस्तकात नव्हतं.

ताजबी घरात जाऊन कुदळ घेऊन आली आणि तिने खड्डा रुंद केला. पाकीट बाजूला फेकलं. डोक्यावरून ओढणी घेतली. लुंगीची नीट घडी करून, ओठांत पुटपुटत, ती खड्ड्यात ठेवली. मग पुरुष टाकतात तशी मूठ भरून माती टाकली. एक मूठ, दुसरी मूठ. तिसऱ्या मुठीला वर्षभर अडकलेला हुंदका फुटला आणि ती फणसाला टेकून मोठमोठ्याने रडली. फिजाही रडली.

उरलेली माती लोटून फिजाने चिरा परत ठेवला. थोड्या वेळाने तिने भीतभीत विचारलं, “अम्मी, प्रयोग वर्गात न्यायचाय. बाई विचारतील. काय सांगू?”

ताजबीने डोळे पुसले.

“सांग, आमच्यात एकदा माती दिली की परत उकरत नाय.”